डेव्हऑप्सची अप्रेंटिसशिप: हात लावू देतील तिथंच जा

आयटीआय झाल्यावर अण्णांनी सोलापूरच्या एसटी वर्कशॉपात वर्षभर अप्रेंटिस म्हणून काढलं होतं. त्यामुळं २०२१ मध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा संपवून मी घरी म्हणाले, "पुण्यात अप्रेंटिसशिप मिळतीय," तेव्हा आमच्या घरात ते काय असतं हे फक्त त्यांनाच कळलं. आईला वाटलं बिनपगारी राबायचं काम. मामाचं म्हणणं, डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते, ते सोडून हे काय? अण्णांनी दोनच गोष्टी विचारल्या. "करार झाला का? आणि हत्यारं हातात देणार, का नुसती पुसायला लावणार?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पंधरा दिवसांत मिळालं. दुसऱ्याचं मिळायला तीन महिने गेले. ते आधीच कसं मिळवायचं, हेच खरं तर मला सांगायचंय.

डेव्हऑप्स म्हणजे काय, हे थोडक्यात. एक माणूस सॉफ्टवेअर लिहितो, दुसरा ते सर्व्हरवर चालतं ठेवतो, आणि काही बिघडलं की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. आमच्या गॅरेजात ट्रक ड्रायव्हर म्हणायचे ब्रेक मऊ लागतोय, अण्णा म्हणायचे मी फिरवला तेव्हा तर नीट लागत होता. तसंच. ही भिंत पाडायची म्हणून २००९ साली पॅट्रिक डेब्वा या बेल्जियन माणसानं घेंट शहरात एक परिषद भरवली, तिला नाव दिलं डेव्हऑप्सडेज, आणि तिथून हा शब्द जगभर झाला. आज पुण्यात या नावाखाली जे काम चालतं ते असं: सर्व्हर आणि क्लाउड (म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेले सर्व्हर) सांभाळणं, नवा कोड आपोआप तपासून चढेल अशी सोय करणं, नजर ठेवणं, आणि रात्री काही पडलं तर उठणं.

आता तयारी. कुबरनेटिसपासून, म्हणजे अनेक सर्व्हरवर पसरलेले प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या हत्यारापासून, सुरुवात करू नका. यूट्यूबवर सगळे तिथूनच करतात, आणि मग माझ्यासमोर मुलाखतीला येऊन "पॉड म्हणजे काय" ते घडाघडा सांगतात, पण सर्व्हरवरची डिस्क भरली का ते कसं बघायचं, इथं अडकतात. जुना लॅपटॉप घ्या, चार जीबी रॅमचाही चालेल. त्यावरचं विंडोज पूर्ण काढा, दोन्ही ठेवायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर अडलं की पळून जायला जागा राहते. डेबियन किंवा उबंटू (हे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रकार) टाका आणि तीन महिने त्याच्यावरच जगा.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, प्लगवरच चालायचा. त्याच्यावर मी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला, अण्णांच्या गॅरेजचं एक साधं पान केलं आणि ते मोबाइलवर उघडून सगळ्यांना दाखवलं. दुपारी लाइट गेली. आली तेव्हा लॅपटॉप चालू केला, पण पान काही उघडेना. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, की मी सर्व्हिस "स्टार्ट" केली होती, "एनेबल" केली नव्हती. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. एनेबल म्हणजे मशीन जेव्हा जेव्हा उठेल तेव्हा तू पण ऊठ. हे पुस्तकात एका ओळीत असतं. मला ते लाइट गेल्यामुळं समजलं, आणि पुढं मुलाखतीत "लिनक्स येतं का?" या प्रश्नावर मी हीच गोष्ट सांगितली. समोरचा हसला आणि पुढचा प्रश्न विचारायच्या आधी त्यानं माझा बायोडेटा बाजूला ठेवला.

तर तुमचं पान चालू करा आणि मुद्दाम लाइट घालवा. प्लग उपसा. वायफाय बंद करा. फाइलचे हक्क काढून घ्या आणि काय संदेश येतो ते वाचा. त्याच्या जोडीला गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं हत्यार), थोडं बॅश (लिनक्सला हुकूम द्यायची भाषा), थोडं पायथन, आणि आयपी (मशीनचा पत्ता), पोर्ट (त्या पत्त्यावरचं दार), डीएनएस (नावावरून पत्ता शोधायची सोय) म्हणजे काय एवढं पक्कं असलं तर अप्रेंटिस म्हणून आत जायला पुरतं.

अर्ज कुठं करायचा? पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी केंद्र सरकारची नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) ही योजना आहे. तिचं पोर्टल आहे, नोंदणी फुकट आहे. आपल्या भागाचं काम मुंबईत सायनला असलेलं पश्चिम विभागाचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ बघतं. नॅप्स (नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम) ही दुसरी योजना. तिच्यात आयटीआयवाले आणि बाकीचेही येतात. दोन्हींच्या मुळाशी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, म्हणजे अण्णा ज्या कायद्याखाली एसटीत गेले त्याच कायद्याखाली मी सर्व्हर सांभाळायला गेले. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस ठेवावेच लागतात. म्हणून मुलाखतीला जाताना पाठ ताठ ठेवा, कंपनी तुमच्यावर उपकार करत नाहीये.

पोर्टलवर "डेव्हऑप्स" एवढंच शोधाल तर हाती फार थोडं लागेल. "क्लाउड सपोर्ट", "सिस्टिम ॲडमिन", "बिल्ड अँड रिलीज", "इन्फ्रा", "आयटी ऑपरेशन्स" असं सगळं बघा. माझ्या करारात "आयटी सपोर्ट" लिहिलं होतं. नावाला भुलू नका आणि नावावरून नाकही मुरडू नका.

कागदांचं झटपट सांगते. करार पोर्टलवर नोंदला गेलाच पाहिजे, तो नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, फक्त स्वस्तात मिळालेलं माणूस आहात. आधारशी जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा, कारण स्टायपेंडमधला सरकारी वाटा आता थेट खात्यात येतो. डिप्लोमाला तेव्हा किमान आठ हजार रुपये होते, पदवीला नऊ हजार, आणि त्या किमान रकमेतला निम्मा भार सरकारचा. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेनं ३६ टक्के वाढीची शिफारस केली होती, तेव्हा सही करायच्या दिवशी पोर्टलवर जो आकडा असेल तोच खरा धरा. कुणी डिपॉझिट मागितलं, "ट्रेनिंग फी" मागितली किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं, तर चहा पिऊन उठा. अप्रेंटिसशिपमध्ये पैसे तुम्हाला मिळतात, तुम्ही द्यायचे नसतात.

आणि हे नीट ऐका: हे तिकीट एकदाच फाटतं. या कायद्याखाली एकदा अप्रेंटिसशिप झाली की नॅट्समध्ये पुन्हा मिळत नाही. म्हणून जागा निवडताना घाई नको.

जागा कशी पारखायची? मुलाखतीच्या शेवटी ते विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" तेव्हा बहुतेक मुलं मान हलवतात. तुम्ही विचारा: "याआधीच्या अप्रेंटिसनं पहिल्या तीन महिन्यांत काय काय काम केलं?" उत्तरात क्रियापदं ऐका. "बघितलं, समजून घेतलं, रिपोर्ट बनवले" असं आलं तर पुसायचं काम आहे. "त्यानं अमुक जॉब दुरुस्त केला, तमुक सर्व्हर हलवला, एकदा टेस्टिंगचा डेटाबेस उडवला" असं आलं, आणि सांगताना ते वैतागण्याऐवजी हसले, तर तिथंच जा. दुसरा प्रश्न: "टेस्टिंगच्या सर्व्हरवर मला लॉगिन कधी मिळेल?" याचं उत्तर महिन्यांच्या आकड्यात आलं पाहिजे. "बघू" म्हणजे नाही.

मी हे काहीच विचारलं नव्हतं. पहिले दोन महिने माझ्याकडं सर्व्हरच्या यादीची एक एक्सेल शीट होती. ४३ सर्व्हर, कुणाचा आयपी काय, मालक कोण, शेवटचं अपडेट कधी. रोज सकाळी लोकांच्या डेस्कवर जाऊन विचारायचं आणि पिवळ्या खान्यांत भरायचं. राहायला कर्वेनगरला कॉट बेसिसवर, तीन मुलींची एक खोली, डबा लावलेला, महिन्याच्या वीस तारखेला पाकीट रिकामं. आणि दिवसभर काय, तर पिवळे खाने. एका रात्री मी अण्णांना फोनवर म्हणाले, पुसायलाच लावलंय. ते म्हणाले, "मग पुसता पुसता इंजिन बघ की."

दुसऱ्या दिवसापासून मी ती यादी हातानं भरणं थांबवलं. सिनिअरकडून फक्त वाचायचे हक्क असलेलं लॉगिन मागितलं, आणि एक स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक सर्व्हरवर जाऊन आवृत्ती, डिस्क आणि प्रमाणपत्राची मुदत विचारून यायची. यादीतल्या दोन सर्व्हरची एसएसएल प्रमाणपत्रं (ज्यांच्यामुळं ब्राउझर साइट सुरक्षित मानतो) नऊ दिवसांत संपत होती आणि कुणालाच पत्ता नव्हता. त्या दिवसापासून मला मीटिंगला बोलवायला लागले. तेव्हा कंटाळवाणं काम मिळालं तर ते करायला माणूस लागणार नाही असं करून दाखवा. या धंद्यात याच्याइतकी चांगली ओळख दुसरी नाही.

हक्क पायऱ्यापायऱ्यांनी मागा. आधी वाचायचे. मग टेस्टिंगवर बदल करायचे. मग प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, सिनिअर शेजारी बसलेला असताना. मग तो फोनवर असताना. ही शेवटची पायरी मला आठव्या महिन्यात मिळाली, आणि तिचीच गोष्ट आता सांगते.

शुक्रवारी रात्री पावणेबाराला अलर्ट आला, एका ॲप्लिकेशन सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली. सिनिअर साताऱ्याला घरी निघालेला. त्यानं फोनवर सांगितलं, "लॉगिन कर, काय दिसतं ते वाचून दाखव, काही उडवू नको," आणि खंबाटकी घाटात त्याची रेंज गेली. डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड, "डीएफ डॅश एच", मी मारली: चाळीस जीबीची डिस्क, सगळी भरलेली. लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या कामाच्या नोंदी लिहितो त्या, फोल्डरमध्ये एकच फाइल बावीस जीबीची. एवढं सरळ दिसत असताना थांबायचं कशाला? मी ती उडवली. पुन्हा डीएफ. शंभर टक्के. "डीयू" लावून सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर फक्त सतरा जीबी. म्हणजे फाइल गेली, पण जागा आलीच नाही. हात गार पडले. मला वाटलं मी डिस्कच मोडली.

घाट उतरल्यावर त्याचा फोन आला. मी खरं ते सांगितलं, फाइल उडवली म्हणून. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "ती फाइल कुणी धरून ठेवलीय ते बघ." लिनक्समध्ये फाइल उडवली की तिचं नाव जातं. एखादा चालू प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत आतला मजकूर डिस्कवर तसाच राहतो. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू निघून जात नाही. कोण कुठली फाइल उघडून बसलंय ते सांगणारं "एलएसओएफ" मारलं, त्यात "डिलिटेड" शब्द शोधला, आणि सापडला तो: आमचाच जावा प्रोग्रॅम, बावीस जीबी उराशी धरून बसलेला. सर्व्हिस रीस्टार्ट केली, डिस्क पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली आली. वीस मिनिटांत संपलं सगळं.

पण खरी चूक सोमवारी कळली. लॉग एवढा फुगला कशानं, ते त्या लॉगमध्येच लिहिलेलं होतं, आणि तो मी उडवला होता. शेवटी दोन डेव्हलपरांना विचारल्यावर समजलं, बुधवारी कुणीतरी तपासणीसाठी सविस्तर लॉगिंग चालू केलं होतं आणि बंद करायचं विसरलं होतं. त्यांना डिस्क दिसत नव्हती, आम्हाला त्यांचा बदल दिसत नव्हता. घेंटच्या परिषदेतली ती भिंत मला प्रत्यक्ष अशी भेटली. तेव्हापासूनचा माझा क्रम: आधी फाइलच्या शेवटच्या काही हजार ओळी दुसरीकडं काढून ठेवायच्या, मग "ट्रंकेट"नं फाइल जागच्या जागी रिकामी करायची, उडवायची नाही. आणि लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग आपोआप आवरणारं साधन, पहिल्या दिवशीच लावायचं.

हे सगळं मला आज आकड्यांसकट आठवतं, कारण वही. दोनशे पानी, डाव्या पानावर काय दिसलं आणि मला काय वाटलं, उजव्या पानावर शेवटी काय निघालं. दोन्ही पानं जुळत नाहीत तिथं तुम्ही काहीतरी शिकलात. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द "वेळ" आहे. एकदा मी पहाटे दोनला बॅकअप लावला आणि तो रोज सकाळी साडेसातला पळायला लागला, ऐन लोक कामाला बसायच्या वेळी. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, मी आमच्या बार्शीच्या, म्हणजे भारतीय घड्याळावर. साडेपाच तासांचा फरक. वरचा अर्धा तास जास्त दगा देतो.

सिनिअरला विचारायची पण रीत असते. "सर, चालत नाहीये" हा प्रश्न नाही, तक्रार आहे. मी काय टाइप केलं, स्क्रीनवर अक्षरशः काय आलं, मी काय करून बघितलं: या तीन ओळी लिहून पाठवा. निम्म्या वेळा तिसरी ओळ लिहितानाच उत्तर सापडतं. वीस मिनिटं स्वतः झगडा, एकविसाव्या मिनिटाला विचारा. प्रॉडक्शन पडलेलं असेल तर पहिल्याच मिनिटाला.

क्लाउडवर स्वतःचं खातं उघडाल तेव्हा मशीन बनवायच्या आधी खर्चाचा अलर्ट लावा. मी एका सरावासाठी नॅट गेटवे नावाची गोष्ट (आतल्या मशीनना इंटरनेटवर जाऊ देणारं दार) चालू केली, सराव झाला, मशीन बंद केली, गेटवे विसरले. तो वापरला नाही तरी तासावर पैसे घेतो. महिनाअखेरीला तीन हजारांच्या घरात बिल आलं, स्टायपेंड आठ हजार. त्या महिन्यात डबा एकच वेळ. दुसरं, पासवर्ड किंवा ॲक्सेस की चुकून गिटमध्ये गेली, तर पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या पुढच्या नोंदीत, खोडून भागत नाही, इतिहासात ती राहतेच. आधी ती की रद्द करा, नवी काढा, मग खोडत बसा. आणि लगेच सांगा. लपवलेली चूक कोणीतरी दुसरंच शोधून काढतं.

हत्यारांचा क्रम माझ्या मते असा: जेनकिन्स किंवा गिटलॅबवर एक पाइपलाइन (कोड आपोआप तपासून चढवणारी साखळी), मग डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सामानासकट एका डब्यात बांधायला), मग टेराफॉर्म (कोड लिहून सर्व्हर उभे करायला), सोबत प्रोमिथिअस आणि ग्राफाना (नजर ठेवायला). कुबरनेटिस सगळ्यात शेवटी. कंपनीत जे वापरतात तेच आधी शिका, बाकीचं कुठं पळून जात नाही.

नवव्या महिन्यात मॅनेजरला सरळ विचारा, पुढं जागा आहे का. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं कायदा कंपनीवर बंधन घालत नाही, आणि बाराव्या महिन्यात विचारलं तर हातात वेळ उरत नाही. मला "या वर्षी नाही" असं उत्तर आलं. वाईट वाटलं, पण तीन महिने मिळाले. बायोडेटात हत्यारांची नावं भरण्याऐवजी मी चार ओळी लिहिल्या: ४३ सर्व्हरची तपासणी आपोआप केली, प्रमाणपत्रांचा अलर्ट लावला, लॉगरोटेट सगळीकडं बसवलं, कंपनी सोडणाऱ्यांची खाती बंद करायची स्क्रिप्ट लिहिली. पाच ठिकाणी गेले. पाचही ठिकाणी त्या डिस्कच्या रात्रीबद्दलच बोलणं झालं, आणि दोन ठिकाणांहून ऑफर आली.

शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र, स्टायपेंडच्या नोंदी आणि स्वतःच्या टिपणांमधलं जे गोपनीय नाही ते, परवानगी घेऊन आपल्या ईमेलवर काढून घ्या. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. माझं खातं संध्याकाळी सहाच्या ठोक्याला बंद झालं, निरोपाचं पत्र अर्धं टाइप झालेलं असताना. ती स्क्रिप्ट मीच लिहिलेली, वेळ साडेबारा यूटीसी, आणि या खेपेला गणित बरोबर होतं.